उशिरा आलेला नकार

"किल्ली ठेव टेबलावर," इंगवले साहेब म्हणाले.

अभिरामने खिशातून ऑफिसची किल्ली काढली आणि काचेवर ठेवली.

"आणि दुसरी?"

"दुसरी डोक्यात आहे, साहेब. ती कशी काढून ठेवू?"

एरवी या उत्तरावर साहेब खो खो हसले असते. त्या शुक्रवारी हसले नाहीत. खालच्या मजल्यावर कुणीतरी लेथवर लोखंड कापायला घेतलं होतं, त्या किंचाळीत दोघंही नुसते उभे राहिले. मी माझ्या टेबलाशी बसून पडद्यावरचं काहीतरी वाचत असल्याचं सोंग करत होते.

"सोमवारी संस्थेची माणसं येणार हाईत," साहेब म्हणाले. "त्यांना नाव पायजे. किल्ली दोघांकडंच होती. एक तू, एक मी. मग मी माझं नाव देऊ काय? तूच सांग."

"मी कुणाला दिली नाही."

"मग काय तिला पाय फुटले?"

अभिराम डबा पिशवीत टाकून जिना उतरला. माझ्या टेबलावरून जाताना रोज काहीतरी टोमणा मारून जायची त्याची सवय होती. त्या दिवशी त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि ते मला फार लागलं.

याला आता पंधरा-सोळा वर्षं झाली. आमचं ऑफिस कोल्हापूरच्या उद्यमनगरात, साहेबांच्या वडिलांच्या वर्कशॉपच्या डोक्यावर होतं. खाली पंपांचे सुटे भाग व्हायचे आणि वर आम्ही कुलपं करायचो. संगणकातली कुलपं. मजकुराचं असं गिचमिड करून टाकायचं की किल्ली असलेल्यालाच तो परत वाचता यावा. अशा तयार कुलपांच्या संचाला आमच्या धंद्यात लायब्ररी म्हणतात. आई शेजारणींना सांगायची, "गौतमी लायब्ररीत आहे," आणि त्या माझ्याकडे दिवाळी अंक मागायच्या.

आमचं एक कुलूप एका शिक्षणसंस्थेच्या प्रश्नपत्रिकांना लावलेलं होतं. प्रश्नपत्रिका संस्थेच्या यंत्रात बंद असायच्या. परीक्षाकेंद्राने मागणी पाठवायची आणि परीक्षेच्या सकाळी आमच्या ऑफिसातून मिळालेली मोहोर तिच्याखाली लावायची. ही मोहोर म्हणजे अक्षरं आणि आकडे यांची एक लांबलचक ओळ. किल्ली असेल तरच ती तयार करता येते, आणि दर मागणीची मोहोर निराळी. यंत्र आपल्याकडच्या किल्लीने त्या मागणीची मोहोर स्वतः करून बघायचं आणि आलेल्या मोहोरेशी ताडून पाहायचं. जुळली तर प्रश्नपत्रिका द्यायची, नाहीतर 'नाही' म्हणायचं. बस.

तर एक प्रश्नपत्रिका परीक्षेच्या आधीच बाहेर गेली होती. रीतसर, बरोबर मोहोर लावून. कुठल्याशा खासगी क्लासच्या पोरांनी ती आदल्या दिवशी पाठ केली. परीक्षा रद्द झाली, बोंबाबोंब झाली. आणि किल्ली अभिरामने तयार केलेली होती.

सोमवारपर्यंत दुसरं काही सापडलं नाही तर त्याचं नाव पोलिसांत जाणार होतं. कुलपं करणाऱ्या माणसावर एकदा चोरीचा शिक्का बसला की त्याला पुन्हा कोण दारात उभं करणार?

अभिराम कुरुंदवाडकर. स्वतःच्याच विनोदावर आधी हसणारा, चहाला कधी नाही न म्हणणारा, आणि आपण लिहिलेलं इतरांपेक्षा झटपट चालतं याचा भारी अभिमान असलेला. मला तो आवडायचा. हे मी त्याला सांगितलं नव्हतं आणि घरी तर मुळीच नाही, कारण घरी अप्पा होते.

माझे वडील ज्योतिषी. अख्ख्या पेठेच्या पत्रिका त्यांच्याकडे जुळवायला यायच्या. अप्पा 'जुळते' म्हणाले की लोक हॉल बघायला लागत आणि 'नाही' म्हणाले की त्या स्थळाचं नाव पुन्हा काढत नसत. ते पैसे घेत नसत आणि भीडही धरत नसत. "घरच्या मुलीला वेगळा नियम नाही," असं त्यांनी आईला माझ्यासमोरच बजावलं होतं. तेव्हा अभिरामची पत्रिका त्यांच्यापुढे ठेवायची माझी छाती होत नव्हती. न विचारलेल्या प्रश्नाला निदान 'नाही' तरी येत नाही.

खरं म्हणजे त्या शुक्रवारी मला रडू यायला हवं होतं. आलंही, पण नंतर. आधी आली ती उत्सुकता. मला लहानपणापासून एक खोड आहे. बंद गोष्ट दिसली की उघडून बघितल्याशिवाय राहवत नाही. घरातली दोन घड्याळं आणि आईचा मिक्सर यांचे जीव मी असेच घेतले आहेत.

शनिवारी सकाळी मी साहेबांना म्हटलं, "त्या यंत्राच्या दारावरची नोंद बघू का? कोण आलं, कोण गेलं ती?"

"बघ की. बघून काय हुणार? बरोबर मोहोर लागली, दार उघडलं. संपला विषय."

विषय संपलेला नव्हता. त्या बरोबर मोहोरेच्या आधी चुकीच्या मोहोरांचा नुसता खच पडला होता. त्याच प्रश्नपत्रिकेसाठी, एकाच परीक्षाकेंद्राच्या यंत्रावरून, दिवसच्या दिवस. प्रत्येकीला उत्तर एकच, 'नाही'.

"साहेब, खिशात किल्ली असलेला माणूस दार एवढं खडखडवेल काय?"

साहेब माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "दुसरा कोणतरी चोर असंल. त्याला नाही म्हटलं न्हवं? म्हणजे आपलं कुलूप शाबूत हाय."

"पण शेवटची बरोबर मोहोरसुद्धा त्याच यंत्रावरून आलीय."

"मग अंदाजानं लागली म्हणतीस?"

"एवढी लांब ओळ अंदाजाने लागायला जन्म पुरणार नाही. माझा, तुमचा आणि तुमच्या नातवंडांचा मिळूनसुद्धा."

"मग अभिरामनंच दिली," साहेब थकल्यासारखे म्हणाले. त्यांनाही ते नको होतं, मला दिसत होतं. अभिरामला कॉलेजातून त्यांनीच उचलून आणलं होतं.

ते गेल्यावर मी त्या चुकीच्या मोहोरा एकाखाली एक मांडल्या आणि वाचायला घेतल्या. पहिल्यांदा गंमत अशी दिसली की चोर वेड लागल्यासारखा तीच चुकीची मोहोर पुन्हा पुन्हा पाठवत होता. एकदा 'नाही' आल्यावर तीच परत कशाला विचारायची? मग दुसरी गोष्ट दिसली. सुरुवातीला मोहोरेचं पहिलं अक्षर भटकत होतं. आज हे, मग ते. भटकता भटकता ते एका अक्षरावर येऊन बसलं आणि तिथून हललंच नाही. मग दुसरं अक्षर भटकायला लागलं. तेही बसलं. मग तिसरं. अंधारात जिन्याची एकेक पायरी पायाने चाचपून वर चढावं, तसा तो चढत गेला होता, आणि शेवटच्या पायरीवर दार उघडलं होतं.

पण पाय पायरीवर पडला हे त्याला सांगितलं कुणी? यंत्र तर दर वेळी 'नाही' एवढंच म्हणत होतं. पहिलं अक्षर चुकलं तरी 'नाही', पहिली दहा बरोबर येऊन अकरावं चुकलं तरी 'नाही'. एका 'नाही'त आणि दुसऱ्या 'नाही'त फरक तो काय असणार?

ते कोडं घेऊन मी घरी आले, ते घेऊनच जेवले. आईने आमटीत मीठ विसरलं होतं हे मला अप्पांच्या चेहऱ्यावरून कळलं.

रविवारी सकाळी अंबूमावशी आल्या. या माझ्या सख्ख्या मावशी नव्हेत. मूळच्या हुपरीच्या, आमच्या गल्लीच्या टोकाला राहायच्या आणि लग्नं जुळवायच्या. धंदा म्हणून नव्हे, हौस म्हणून. अप्पांच्या खोलीत त्यांनी मुलाचं आणि मुलीचं गोत्र, जन्मतारीख आणि वेळ लिहिलेल्या चिठ्ठ्या आत दिल्या, आणि नेहमीप्रमाणे बाहेर सोप्यात येऊन अबोलीचा गजरा करायला बसल्या. मी त्यांना पोह्यांची बशी आणून दिली.

थोड्या वेळाने आतून अप्पांचा आवाज आला, "अंबूताई, नाही हो जुळत."

मावशींचा चेहरा असा उजळला की जणू लग्नच ठरलं.

"मावशी, 'नाही' म्हणाले ते."

"ऐकलं की मी. पण गजरा बघ किती झालाय."

"गजऱ्याचं काय?"

मावशींनी दाराकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "सांगू नकोस हं कुणाला. तुझ्या अप्पांची रीत ठरलेली. आधी गोत्र, मग नाडी, मग गण, मग ग्रहांची मैत्री आणि सगळ्यात शेवटी मंगळ. जिथं अडलं तिथं कागद बाजूला, पुढचं बघायचंच नाही. मागच्या खेपेला त्या इचलकरंजीच्या पोराचं आणलं होतं, तर दोन फुलं गुंफली नाहीत तोवर 'नाही'. म्हणजे अडलं पहिल्यालाच. त्याला काय औषध नाही. सोडून दिला मी तो. आणि हा बघ." त्यांनी गजरा वर धरून दाखवला. चांगला वीतभर झाला होता. "म्हणजे सगळं जुळलंय, फक्त मंगळ आडवा आलाय."

"मग?"

"मग काय! जन्मवेळ हलली की मंगळ घर बदलतो. पुढल्या आठवड्यात यायचं आणि म्हणायचं, अहो अप्पा, घोटाळा झाला, त्यांच्या आजीचं घड्याळ पुढं होतं. वेळ थोडी मागं घ्यायची. परत अडलं तर आणखी थोडी मागं. कधीतरी 'जुळते' म्हणतातच."

"आणि अप्पांना कळत नाही?"

"त्यांची मान कागदात. कागदाबाहेर बघणारा माणूस आहे काय तो?"

माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता, तो मी तसाच धरून उभी राहिले. अप्पा सगळ्यांना एकच शब्द सांगत होते. पण तो शब्द यायला लागणारा वेळ प्रत्येकाचा निराळा होता, आणि बाहेर बसलेली एक बाई अबोलीच्या फुलांवर तो मोजत होती. उत्तरातून काही फुटत नव्हतं. फुटत होतं ते उशिरातून.

"मावशी, तुम्ही महान आहात," मी म्हटलं आणि चपला घातल्या.

"अगं, सांगू नकोस म्हटलं ना!" त्या मागून ओरडल्या.

राजारामपुरीत अभिरामची भाड्याची खोली होती. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. मला दारात बघून म्हणाला, "साहेबांनी पाठवलं काय? डोक्यातली किल्ली न्यायला?"

"एक विचारायचंय. आलेली मोहोर आणि आपली मोहोर ताडून बघायची ओळ तू कशी लिहिलीस?"

"आता या वेळी तुला ते सुचतंय?"

"सांग ना."

"कशी म्हणजे? पहिल्या अक्षरापासून सुरुवात. जुळलं की पुढचं. जिथं चुकलं तिथं थांबायचं आणि 'नाही' म्हणायचं. उत्तर ठरलंच आहे तर पुढं बघत बसून वेळ कशाला घालवा? म्हणून तर आपलं झटपट—"

तो थांबला. त्याच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं, मग एकदम सगळं आलं.

"वेळ," तो म्हणाला. "पहिलं अक्षर चुकलं तर लगेच 'नाही'. पहिलं बरोबर असेल तर जरा उशिरा 'नाही'. दुसरंही बरोबर असेल तर आणखी उशिरा. पण गौतमी, तो फरक किती बारीक! पापणी लवते त्याच्या कितीतरी आत. वाटेत वायरीतच त्याहून जास्त इकडे-तिकडे होतं."

"म्हणूनच तो तेच तेच परत विचारत होता. एकदा विचारून नाही कळत. खूपदा विचारून सरासरी काढली की कळतं."

अभिराम मटकन कॉटवर बसला. मला वाटलं, आता याला सावरावं लागणार. आणि तो हसायला लागला.

"काय सुंदर आहे गं हे! किल्ली नाही, काही नाही. माणूस नुसता दाराबाहेर बसून ऐकतोय, आणि कुलूपच त्याला एकेक अक्षर सांगतंय!"

दुसऱ्या दिवशी त्याचं नाव पोलिसांत जाणार होतं आणि हा माणूस चोराच्या अकलेवर खूश होत होता. त्याच क्षणी माझं ठरलं, असं आता मला वाटतं. तेव्हा मी एवढंच म्हटलं, "वेड लागलंय तुला."

हसून झाल्यावर त्याचा चेहरा उतरला. "पण ही ओळ माझी. उद्या तू हे सांगितलंस तर मी चोर ठरणार नाही. मूर्ख ठरेन."

"मग काय, नको सांगू?"

त्याने खरोखरच विचार केला. "सांग. मूर्खाला दुरुस्त होता येतं."

"मग आता कशालाही हात लावू नकोस. तू मदत केलीस असं कळलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. मी एकटी करते."

त्या दुपारी घरच्या संगणकावर आमचंच कुलूप बसवून मी चोराचाच प्रोग्रॅम नव्याने लिहिला. सुरुवातीला आकड्यांचा नुसता कालवा झाला. मग मी अंबूमावशींसारखी चिकाटी धरली आणि तेच तेच विचारत राहिले. संध्याकाळी देवापुढे दिवा लागायच्या सुमाराला पहिलं अक्षर जागेवर बसलं. आई म्हणाली, "एवढी काय हसतेस पडद्याकडे बघून?"

सोमवारी संस्थेच्या सबनीस मॅडम आल्या. करड्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. सोबत फाइल धरलेले एक गृहस्थ.

"नाव तयार आहे का?" मॅडमनी विचारलं.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. सकाळी मी त्यांना सगळं सांगितलं होतं. त्यांना ते अर्धं पटलं होतं, आणि उरलेलं अर्धं पटावं अशी त्यांची फार इच्छा होती.

"मॅडम, आधी एक बघा," ते म्हणाले. "ह्या यंत्रावर मी आत्ता नवी किल्ली बसवणार. माझ्या मनातली. ह्या पोरीला माहीत न्हाई, तुम्हाला न्हाई. आत एक कागद ठेवणार. तो हिनं काढून दाखवायचा."

त्यांनी परीक्षेला बसलेल्या पोरासारखा डाव्या हाताचा आडोसा करून किल्ली टाइप केली. मग आत ठेवायचा मजकूरही तसाच, मिश्कील चेहरा करून. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसले आणि माझा प्रोग्रॅम सुरू केला.

पडद्यावर पहिलं अक्षर भटकायला लागलं. चहा आला. अक्षर बसलं. दुसरं बसलं. फाइलवाल्या गृहस्थांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. मध्येच एक अक्षर बसेचना, इकडून तिकडे नाचत राहिलं. मॅडमनी घड्याळ बघितलं. मग माझ्या लक्षात आलं. "साहेब, खाली कुणी आपल्या इंटरनेटच्या लाइनवर काही उतरवून घेतंय काय?"

साहेब जिन्यातून ओरडले, "ए मारुती, बंद कर ते! क्रिकेट मागनं बघ!"

अक्षर बसलं. पुढची भराभर बसत गेली. आता खोलीत कुणी चहा पीत नव्हतं. शेवटचं अक्षर जागेवर आलं, आणि यंत्राने पहिल्यांदाच 'नाही' म्हटलं नाही. साहेबांनी आत ठेवलेला कागद पडद्यावर उघडला. त्यावर लिहिलं होतं: 'हा मजकूर गौतमीला वाचता येणार नाही.'

मी तो मोठ्याने वाचून दाखवला.

साहेब लालबुंद झाले आणि मग त्यांचं ते गडगडाटी हसू खालपर्यंत ऐकू गेलं. सबनीस मॅडम हसल्या नाहीत. त्या पडद्याजवळ आल्या. "म्हणजे किल्ली कुणी दिलीच नाही?"

"नाही. चोराजवळ किल्ली कधीच नव्हती. 'नाही' म्हणायला लागणाऱ्या वेळातून कुलूपच एकेक अक्षर सांगत होतं. तुमच्या नोंदीत अशाच चाचपण्या आहेत, याच चालीच्या. किल्ली असती तर त्याला एकच मागणी पुरली असती."

"हे असं कुलूप केलं कुणी?"

मी तोंड उघडलं होतं, पण उत्तर जिन्यातून आलं. "मी." अभिराम दारात उभा होता, दाढी केलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला. "ताडून बघायची ओळ माझी आहे. चूक माझी आहे. किल्ली मात्र मी दिली नाही."

मॅडमनी त्याला बराच वेळ न्याहाळलं. मग त्या फाइलवाल्या गृहस्थांना म्हणाल्या, "यांचं नाव काढा. त्या केंद्रातलं यंत्र कोण वापरतं ते बघू." आणि साहेबांना, "आठवड्यात दुरुस्त झालं पाहिजे."

पुढे त्या केंद्रातला एक संगणकवाला आणि तो क्लास यांचं साटंलोटं निघालं. पण त्या दिवशी मला तेवढं ऐकायचंही भान नव्हतं. साहेबांनी खणातून ऑफिसची किल्ली काढून काचेवरून अभिरामकडे सरकवली. "चुकणारा माणूस मला चालतोय. डोक्यातली तेवढी बदल."

अभिरामने ती ओळ बदलली. आता पहिलंच अक्षर चुकलं तरी यंत्र थांबत नाही. उत्तर ठरलेलं असलं तरी शेवटच्या अक्षरापर्यंत बघतं, आणि मगच 'नाही' म्हणतं. प्रत्येकाला सारखाच वेळ. त्यामुळे ते जरा हळू चालायला लागलं, याचं त्याला बरेच दिवस वाईट वाटायचं.

ओळ बदलून झाली त्या संध्याकाळी मी आनंदात अप्पांना सगळी गोष्ट सांगून बसले. अंबूमावशींच्या गजऱ्यासकट. जीभ चावली तेव्हा उशीर झाला होता.

अप्पा चिडले नाहीत. ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "कोणाकोणाची वेळ बदलली तिने?"

घड्याळाचं निमित्त काढून मावशी पुन्हा आल्या होत्या अशी जेवढी नावं मला आठवली, तेवढी मी सांगितली.

"कोरगावकरांच्या मुलाचीसुद्धा?"

"हो."

"त्याला मंगळ होता तर." अप्पांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. "ती दोघं दर वर्षी आंबे घेऊन येतात. सून मला वाकून नमस्कार करते. दोन मुलं आहेत." चष्मा पुन्हा चढवून त्यांनी विचारलं, "आणि भोसेकरांची?"

"तीपण."

"तीही सुखात आहेत," अप्पा म्हणाले. एकेक नाव आठवून ते स्वतःशीच ताडून बघत होते, आणि कुठेच अडत नव्हते. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं.

शेवटी त्यांनी विचारलं, "तुमच्या त्या कुलपाचं काय केलंत?"

मी सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून अप्पांची रीत बदलली. पत्रिका संध्याकाळी ठेवून घ्यायची आणि उत्तर सकाळी पूजा झाल्यावर. सगळ्यांना, नेहमी. अंबूमावशी मला वाटेत गाठून म्हणाल्या, "तूच सांगितलंस ना? माझ्या गजऱ्याची पार माती केलीस." पण उत्तरं 'जुळते' अशी जरा जास्त येतात, हेही त्यांनीच पहिल्यांदा माझ्या कानावर घातलं.

पुढच्या वर्षी अभिरामने मला विचारलं आणि मी 'हो' म्हटलं, अजिबात वेळ न लावता. राहिले अप्पा. मावशी म्हणाल्या, "माझ्याकडं दे, मी वेळ बघून देते." अभिराम म्हणाला, "दवाखान्याच्या कागदावर आहे तीच वेळ द्यायची." आम्ही दोन्ही पत्रिका ऑफिसच्या पाकिटात घातल्या. पाकिटाचा गोंद सुकलेला होता, म्हणून मी तोंडाशी पिन मारली, ती वाकडी बसली.

संध्याकाळी अप्पांपुढे पाकीट ठेवलं. त्यांनी पाकिटावर लिहिलेली आमची दोघांची नावं वाचली, माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाले, "सकाळी सांगतो."

मग ते सगळं नेहमीसारखं झालं. अप्पा जेवले, बातम्या ऐकल्या, पान खाल्लं. मी त्यांच्या पावलांवर, खोकण्यावर, दिवा लावण्या-मालवण्यावर कान ठेवून होते. एका उशिरावरून चोराची सगळी चाल ओळखणारी मी, आणि माझ्याच वडिलांच्या मनातलं मला अक्षर कळेना. ते भोक मीच बुजवलं होतं.

सकाळी पूजा झाल्यावर त्यांनी मला हाक मारली आणि पाकीट हातात दिलं.

"जुळते," ते म्हणाले. पेठेत सगळ्यांना सांगायचे त्याच आवाजात.

मी वाकून नमस्कार केला, धावत माडीवर गेले आणि पत्रिका काढायला पाकीट पालथं केलं. माझी वाकडी पिन जशीच्या तशी होती.

खालून अप्पांनी आवाज दिला, "गौतमी, चहा टाकतेस काय गं?"

"टाकते, अप्पा," मी म्हटलं, आणि आवाज नीट आला याचं मला नवल वाटलं.

अप्पा जाऊन आता सहा वर्षं झाली. मी त्यांना कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. अभिराम अजूनही आधी स्वतःच्याच विनोदावर हसतो. पाकीट कपाटात साड्यांखाली आहे. बंद गोष्ट दिसली की मला राहवत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. ती पिन मात्र मी अजून काढलेली नाही.